काताचा सांगावा

दिवाळी सरली की आमची वाडी रिकामी होते. ‘आमची’ म्हणते खरी, पण मी वाडीची नव्हे. मी सापगावची, वाडीतल्या अंगणवाडीची बाई. ट्रक येतो, त्यात आधी भांडी, मग गोधड्या, कोंबड्या, पोरं आणि शेवटी माणसं चढतात आणि पडघ्याकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात. पाऊस जवळ आला की परत येतात. मधले सगळे महिने घरं तशीच उभी असतात. दारांना कुलपं नसतात, कारण चोराने न्यावं असं आत काही नसतं. कुडाच्या दाराला दोरीचा वेढा दिला की घर बंद झालं.

अंगणवाडी मात्र बंद ठेवता येत नाही. पोरं असोत वा नसोत, बाईने यायचं, झाडायचं आणि मोबाइलच्या ॲपवर हजेरी भरायची. मी रोज शून्य भरते. वरून विचारणा होते, शून्य का? मी कळवते, पोरं आईबापांबरोबर भट्टीवर गेली. इतकी वर्षं दर हिवाळ्यात हेच कळवते आहे आणि दर हिवाळ्यात त्यांना नव्याने नवल वाटतं. एकदा सवयीने मी ‘चला रे, हात धुवून घ्या’ म्हणून ओरडले. भिंतीवरचा हत्ती आणि ससा तेवढे माझ्याकडे बघत होते. त्या दिवशी मला रडू आलं, उगाच लपवत नाही.

अशा वेळी वाडीत उरतो तो एकटा कोंडू मुकणे. गुडघा कामातून गेल्यापासून भट्टीवर त्याचा उपयोग नाही, म्हणून त्याला ट्रकमध्ये घेत नाहीत. बायको धोंडूबाई वारून बरीच वर्षं झाली. मुलगा भरत, सून यमू आणि त्यांची पोरं सगळी भट्टीवर. म्हातारा सकाळी काठी टेकत यायचा, अंगणवाडीच्या पायरीवर बसायचा आणि विचारायचा, “टाइम काय झाला गो बाय?” त्याला कुठे जायचं नसायचं की कुणी यायचं नसायचं. तरी मी घड्याळ बघून सांगायची. दिवसभरात आमच्यात एवढंच बोलणं.

मग ती दर्शना आली. आसनगावला राहणारी, कल्याणच्या कॉलेजात एम.ए. करणारी. पाठीला सॅक, हातात मोबाइल, बोलायला चटपटीत. माणसांच्या जमातींना नावं कशी पडली यावर तिला काहीतरी लिहून द्यायचं होतं.

“कातकरी हे नाव कशावरून आलं, तेवढं विचारायचं होतं ताई,” ती म्हणाली.

“त्यात काय विचारायचं? पूर्वी खैराचा कात करायचे, म्हणून कातकरी. तुमच्या पुस्तकात नाही का?”

“आहे ना, पुस्तकात हेच आहे. पण मला ते त्यांच्याच तोंडून हवंय. रेकॉर्ड करायचंय.”

मी पायरीकडे बोट केलं. कोंडूने सगळं ऐकलं होतं. त्याने मुंडासं नीट केलं, घसा खाकरला आणि म्हणाला, “मोठी गोस्ट हाय ती. एका दिसात व्हायाची नाय.”

मी तोंड उघडलं. एका वाक्याची गोष्ट, ती एका दिवसात होणार नाही? पण म्हाताऱ्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी तोंड मिटलं आणि पोषण आहाराचे डबे पुसायला आत गेले.

त्या दिवशी त्याने जंगल सांगितलं. कुठल्या डोंगराला कुठलं झाड, पूर्वी किती दाट होतं, सूर्य खाली कसा उतरत नसे. पुढच्या खेपेला खैर कसा ओळखायचा ते सांगितलं, काटा कसा, साल कशी. त्याच्या पुढच्या खेपेला एक वाघ आला. तो वाघ पायरीवर बसल्या बसल्या तयार झाला होता, याची मी पैजेवर खात्री देते. पोरगी मात्र मान डोलावत रेकॉर्ड करत होती. ती येणार असली की म्हातारा आंघोळ करून, लग्नाकार्यात घालायचा सदरा चढवून बसायचा. रानातून करांदे खणून आणायचा, उकडून पानावर ठेवायचा आणि ती खाताना टक लावून बघत राहायचा. गोष्ट जिथे संपायला हवी तिथे आली की हळूच दुसऱ्या वाटेला लागायचा. इतका लबाड म्हातारा मी पाहिला नाही, आणि इतका खूष झालेलाही त्याला कधी पाहिला नव्हता.

एके दिवशी तिने सरळच विचारलं, “बाबा, तुम्ही स्वतः कात केलाय?”

“तर!” म्हातारा म्हणाला. ही थाप होती. त्याच्या आज्याने केला, तोही चोरून, आणि तेव्हा हा एवढासा होता. हे त्यानेच मला कधीतरी सांगितलेलं.

“मग मला दाखवाल करून?”

आता म्हातारा अडकला, असं मला वाटलं. पण समोरच्या बंद घरांकडे बघत तो म्हणाला, “दाखवीन. पन त्याला मानसं लागतात.”

मग त्याने जे सांगितलं ती थाप नव्हती. थाप मारताना तो हातवारे करतो. आता हात मांडीवर होते. काताची चूल मांडली की भावकीला सांगावा धाडायचा, अशी त्यांच्या वाडीची रीत होती. ज्याला सांगावा पोचला त्याने हातातलं काम टाकून यायचं. आजारी असला तरी यायचं, भांडण असलं तरी यायचं. झाडाला शेंदूर लावायचा, नारळ द्यायचा, सगळे जमले की बाप्यांनी खैर तासायचा आणि बायांनी मडकी सांभाळायची. सगळे येईतोवर चूल पेटवायची नाही.

“आनि कोनी नाय आलं तर?” मी विचारलं.

“काताला कोन नाय म्हनत नाय गो. आनि एकट्यानं पेटवायची नसते. एकट्याचा कात धरत नाय, पातळच राहतो.”

हे म्हणताना त्याचे डोळे चमकले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की म्हाताऱ्याला काय सापडलं आहे. गुडघा दुखतो म्हणून त्याने भरतला बोलावून पाहिलं होतं. ताप आला म्हणून, कौलं सरकली म्हणून, नातवंडं बघायची म्हणून बोलावून पाहिलं होतं. दर वेळी एकच उत्तर, शेठ सोडत नाय. आता त्याच्या हाती असं बोलावणं आलं होतं ज्याला त्यांच्यात कुणी नाही म्हणत नसे. दर्शनाचा प्रश्न राहिला बाजूला. त्याला त्याची माणसं वाडीत हवी होती, एक दिवस का होईना. मला त्या म्हाताऱ्याची भीती वाटली. म्हणजे त्याच्यासाठी वाटली.

दुसऱ्या दिवशी माझ्याच मोबाइलवरून भरतला फोन लावला. कोंडूला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू. पलीकडे ट्रकचा आवाज, कुणीतरी कुणालातरी शिव्या घालत होतं.

“बा, बरा हायस ना?”

कोंडूने काठी बाजूला ठेवली आणि ताठ बसला. “भरत, काताची चूल मांडलीय. ऐतवारी समद्यांनी यायचं. तू, यमू, पोरं, धर्मा, धाऊ, समदे. सांगावा दिलाय म्हनून सांग.”

ट्रकच्या आवाजात भरत ओरडला, “काय मांडलंय?”

“काताची चूल!”

“कात? पानाला पायजे काय तुला?” भरत म्हणाला. मग कुणाला तरी ‘आलो, आलो’ म्हणाला, आणि मग, “बरं बा, ऐतवारी बघतो.” फोन बंद झाला.

कोंडूने मोबाइल दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. “येतो म्हनला.”

“कोंडूबाबा, तो बघतो म्हनला. येतो नाय म्हनला. आनि सांगावा त्याला कळला असं मला तरी नाय वाटत.”

“त्याच्या रगतात हाय ते. कळलं त्याला,” म्हातारा म्हणाला, आणि काठी न घेताच उठायला गेला.

त्याच्या घरामागे एक म्हातारा खैर आहे. गेल्या पावसात त्याची मोठी फांदी मोडून पडली होती. मी त्याला जंगलखात्याची भीती घातली, खैराला हात लावलास तर गार्ड उचलून नेतील म्हणून. “पडलेली हाय. मी तोडली नाय,” असं म्हणून तो कुऱ्हाड घेऊन बसला. वरची साल काढली, पांढरं लाकूड काढलं, आतला तांबडा गाभा निघाला तो तासत राहिला. त्याच्या कपच्यांचा ढीग झाला. हात सोलवटले, मी हळद लावून दिली.

पण मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. शनिवारी आले तर वाडीतल्या सगळ्या दारांच्या दोऱ्या सोडलेल्या. म्हातारा एकेक घर झाडत होता. दुसऱ्यांची घरं! अंगणं सारवून झाली होती, आणि प्रत्येक दारात पाण्याने भरलेली कळशी, नाहीतर डबा, नाहीतर फुटका माठ, जे मिळालं ते. तो दुखरा गुडघा घेऊन हे पाणी त्याने विहिरीवरून कसं आणलं असेल, देव जाणे.

“कशाला मरतोस रे बाबा?” मी ओरडलेच. “कोन येनार हाय हितं?”

“आल्यावर पाय धुवायला पानी नको?” तो म्हणाला आणि झाडू लागला. मी पदर खोचला, दुसरी केरसुणी घेतली आणि उरलेली घरं झाडली. काय करणार?

रविवारी अंगणवाडीला सुट्टी. तरी मी गेले. घरी सांगितलं, वजनकाटा बघायचा आहे. दर्शनाही आली, बरोबर मोबाइलचं तिकाटणं घेऊन. कोंडूच्या अंगणात लांबट चूल खणलेली, तीवर मडकी, मडक्यांत पाणी आणि तांबड्या कपच्या. खाली लाकडं रचलेली. मागच्या खैराला शेंदूर लावलेला. बाजूला नारळ. म्हातारा सदरा घालून काडेपेटी हातात धरून बसला होता.

आम्ही बसलो. रस्त्यावर गाडी वाजली की तो उठायचा, गाडी पुढे गेली की बसायचा. एक टेम्पो गेला, एक रिक्षा गेली. ऊन डोक्यावर आलं. मडक्यांतलं पाणी उन्हानेच कोमट झालं असेल. दर्शना माझ्या कानाशी लागली, “ताई, नुसतं शूटिंगपुरतं पेटवूया का? मला उशीर होईल.”

म्हाताऱ्याला एरवी ऐकू येत नाही, पण हे आलं. “नाय,” तो म्हणाला.

दुपार कलल्यावर मोटरसायकल आली ती थेट अंगणातच शिरली. भरत होता. कुणाची तरी गाडी मागून आलेला. अंगावर, केसांत, पापण्यांवरसुद्धा विटांची लाल धूळ. कोंडू उठला. त्याने भरतकडे पाहिलंच नाही, त्याच्या मागच्या रस्त्याकडे पाहत राहिला.

“बाकीचे?”

“बाकीचे कोन?” भरतने गाडी लावली आणि खिशातून एक पाकीट आणि पानांची पुडी काढली. “हे घे. कात. चांगल्यातला हाय, भिवंडीवरनं मागवला. सांजच्या ट्रक भरायला मला परत पोचायचंय, मुकादम कावलाय.”

मी त्याला चार शब्द सुनवायच्या तयारीत होते, पण त्याच्या पापण्यांवरची धूळ दिसली आणि तो बेत सोडला. एवढ्या लांब, उपाशी, मुकादमाच्या शिव्या खाऊन पोरगा आला होता, का, तर म्हाताऱ्या बापाला पान खावंसं वाटलं. याला वाईट मुलगा म्हणायचं तरी कसं?

कोंडूने पाकीट हातात घेतलं. मग त्याने भरतचा दंड धरून त्याला चुलीपाशी नेलं. दर्शनाने मोबाइल चालू केला होता, पण म्हातारा तिच्यासाठी बोलत नव्हता.

“हे बघ. हे खैराचं लाकूड. हे उकळायचं, आटवायचं, थंड करायचं. तुझा पनजा करायचा, त्याचा बा करायचा. समदे मिळून करायचे. म्हनून आपल्याला कातकरी म्हनतात.”

झालं. इतके दिवस जंगलं आणि वाघ मध्ये घालून राखून ठेवलेलं वाक्य एका दमात सांगून टाकलं त्याने.

“हां?” भरत म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलं होतं. “मला वाटायचं, अशीच जात हाय.” त्याने एक कपची उचलून हुंगली, परत ठेवली. जरा विचार केला आणि हसला. “मंग बा, आता आपल्याला वीटकरी म्हनाया पायजे.”

तो कुचेष्टेने बोलला नव्हता. त्याला जसं दिसलं तसं बोलला.

“वीट करायला तुला बोलावतं कोन?” कोंडूने विचारलं.

“मुकादम. दुसरं कोन?”

“काताला आपन आपल्या मानसांना बोलवायचो रे.”

तेवढ्यात भरतचा फोन वाजला. मुकादमच होता. त्याने दारातल्या कळशीतलं पाणी घेऊन तोंड धुतलं, दोन ओंजळी प्यायला. बापाच्या खांद्यावर हात ठेवला. “शिमग्याला बघतो बा,” म्हणाला, आणि गाडी वळवून गेला. धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

दर्शनाने तिकाटणं मिटलं. तिचा चेहरा उतरला होता. “बाबा, माझं… माझं काम झालं,” ती चोरी केल्यासारखी म्हणाली. हवं ते वाक्य, हव्या त्या माणसाच्या तोंडून, तिला मिळालं होतं. आता म्हातारा आणखी एखादा वाघ काढेल म्हणून मी वाट बघत होते. खरं सांगते, त्याने काढावा असं मला वाटत होतं. पण तो म्हणाला, “झालं ना? बरं झालं. टाइमात घरी जा.” उकडलेले करांदे त्याने फडक्यात बांधून तिला दिले. ती पाया पडली, पुन्हा येईन म्हणाली. तिची परीक्षा जवळ आली होती.

मी थांबले. उन्हं डोंगरामागे चालली होती. मडक्यांत कपच्या तळाला गेल्या होत्या. कोंडूने चुलीच्या कडेला बसून पाकीट फोडलं, पानावर कात घातला, पान तोंडात टाकलं आणि डोळे मिटून चघळत राहिला.

“चांगला हाय गो,” तो म्हणाला. “वास बरोबर हाय. रंग पन बरोबर. कोनी केलाय? लिवलंय काय त्याच्यावर?”

मी पाकीट उजेडाकडे धरलं. बारीक अक्षरात कुठल्याशा कारखान्याचं नाव आणि उत्तरेकडच्या एका गावाचा पत्ता होता. तो मी वाचून दाखवला.

“लांब असंल.”

“लई लांब.”

“मानसं किती असतील गो त्यांची चुलीवर? आनि त्यांनला काय म्हनतात?”

खोटं सांगायला हवं होतं. दोनशे माणसं आहेत, त्यांना अमुक म्हणतात, असं काहीही. एवढे दिवस त्याची लबाडी बघून मी तेवढंही शिकले नव्हते. “कारखाना हाय बाबा,” मी म्हणाले. “मशीनवर करत असतील. बटन दाबायला एखादा मानूस असंल.”

तो चघळायचा थांबला. ओठांच्या कोपऱ्यातून लाल रस खाली आला, तो त्याने पुसला नाही. त्याने चुलीत रचलेल्या लाकडांकडे पाहिलं.

“म्हंजे एकट्याचा पन धरतो,” तो म्हणाला.

अंधाराच्या आत सापगावला पोचायला हवं होतं. मी उठले, आणि जाता जाता एकेका दाराला दोरीचा वेढा देत गेले.